आम्ही घरात फरक केला नाही, मग मुलांमध्ये हे आलं कुठून?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोरला मुलगा सात वर्षांचा, धाकटी लेक साडेचारची, घरात दोघांत कधी फरक केला नाही, खेळणी सामाईक, दादाचे लहान झालेले कपडे तिला घातले, आणि तरी मागच्या आठवड्यात ती म्हणाली की डॉक्टर तर मुलगे होतात, मी नर्स होणार. आणि मुलाला रडू आलं की तो बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो, तोंड धुऊनच बाहेर येतो. तुम्ही विचारलंय की हे जन्मतःच असतं का, आणि नसेल तर आमचं चुकलं कुठे.

आधी चुकण्याचं बोलू, कारण तुम्हाला तेच जास्त टोचतंय असं वाटलं.

मी २२ वर्षं मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करतेय. "आम्ही फरक केला नाही" हे वाक्य माझ्यासमोर बसलेले जवळजवळ सगळेच आईबाबा म्हणतात, आणि ते मनापासून म्हणत असतात. त्यात तथ्यही आहे. १९९१ मध्ये लिटन आणि रॉमनी या दोन संशोधकांनी १७२ अभ्यास एकत्र करून पाहिले की आईबाप मुलगा आणि मुलगी यांना वेगळं वागवतात का. माया, शिस्त, बोलणं, अभ्यासाची अपेक्षा, या बहुतेक बाबतींत फरक अगदी किरकोळ निघाला. ठळकपणे दिसला तो एकाच ठिकाणी, कुठले खेळ आणि कुठली कामं कोणाला करायला लावतो, कशाला शाबासकी देतो, तिथे. म्हणजे प्रेमात आपण भेद करत नाही, पण हातात काय देतो त्यात करतो, आणि तो भेद इतका सवयीचा असतो की करतोय हे कळतही नाही.

कळत नाही म्हणजे किती, हे सांगते. १९७४ मध्ये रुबिन, प्रोव्हेन्झानो आणि लुरिया यांनी पहिलंच मूल झालेल्या ३० जोडप्यांना बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत विचारलं की बाळ कसं आहे. १५ मुलगे, १५ मुली. वजन, लांबी, तब्येत यात दोन्ही गटांत फरक नव्हता. तरी मुलींचे आईबाप म्हणाले, नाजूक आहे, मऊ आहे, नाकीडोळी रेखीव आहे. मुलग्यांचे म्हणाले, दणकट आहे. एका दिवसाचं बाळ हो! दोनच वर्षांनी काँड्री दांपत्याने २०४ जणांना नऊ महिन्यांच्या एका बाळाचा व्हिडिओ दाखवला, डबीतून अचानक बाहुलं उसळतं आणि बाळ दचकून रडतं असा. ज्यांना हा मुलगा आहे असं सांगितलं होतं त्यांना तो चिडलेला वाटला, ज्यांना मुलगी सांगितलं त्यांना ती घाबरलेली वाटली. बाळ तेच, रडणं तेच. आता विचार करा, चिडलेल्या बाळाशी आपण कसं वागतो आणि घाबरलेल्या बाळाशी कसं, कोणाला पटकन कडेवर घेतो आणि कोणाला "अरे, काही नाही होत" म्हणतो. हे दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षं चालतं.

आणखी एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. साल २०००, अकरा महिन्यांची रांगती बाळं आणि त्यांच्या आया. एक उतार, कमीजास्त करता येणारा. आईने आधी अंदाजाने सांगायचं की माझं बाळ किती तीव्र उतारावरून रांगत उतरू शकेल. मुलींच्या आयांनी अंदाज कमी सांगितला, मुलांच्या आयांनी जास्त. प्रत्यक्षात मुलं आणि मुली सारखंच उतरली. या आया काही मुलींना कमी लेखणाऱ्या नव्हत्या, तुमच्यामाझ्यासारख्याच होत्या, पण घसरगुंडीवर कोणाचा हात आधी धरला जातो, "पडशील हं" कोणाला जास्त ऐकू येतं, ते इथूनच ठरायला लागतं. तुम्ही घरातले जुने व्हिडिओ काढून बघा एकदा. दोष शोधायला म्हणून नको, नुसतं बघा, कोणाच्या वेळी आपला आवाज कसा आहे ते.

आता मुलांच्या बाजूने बघू, कारण मला वाटतं आपण सगळ्यात जास्त गडबड इथे करतो. आपण समजतो की मूल म्हणजे रिकामी पाटी, आपण लिहू ते उमटेल, आणि आपण काही वाईट लिहिलं नाही म्हणजे पाटी कोरीच असणार. पण मूल गप्प बसलेलं नसतं. दोन-अडीच वर्षांच्या आसपास त्याला कळतं की जगात माणसांचे दोन गट पाडलेले आहेत आणि मी यातल्या एकात आहे. त्या क्षणापासून ते गुप्तहेरासारखं पुरावे गोळा करायला लागतं, माझ्या गटातले काय करतात, काय घालतात, कोण कोणाला हाक मारतं, कोण उठतं आणि कोण बसून राहतं. कॅरल मार्टिन आणि डायान रुबल या दोघींनी २००४ मध्ये मुलांना हाच शब्द वापरलाय, डिटेक्टिव्ह.

आणि हा हेर अजून कच्चा असतो, त्यामुळे नियम भलतेच बनवतो. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की मी मुलगा किंवा मुलगी आहे हे मुलाला लवकर कळतं, पण कपडे बदलले, केस वाढवले, दुसरं खेळणं घेतलं तरी आपण तेच राहतो ही खात्री यायला पाच-सात वर्षांचं व्हावं लागतं. तोपर्यंत त्याच्या लेखी मुलगी म्हणजे मुलीसारखे कपडे, मुलीसारखी खेळणी. मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी आपल्या लहान मुलाचा एक किस्सा लिहून ठेवलाय. तो केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. तिथला एक मुलगा दिवसभर त्याला म्हणत राहिला की तू मुलगी आहेस, क्लिपा मुलीच लावतात. शेवटी यानं वैतागून चड्डी खाली करून दाखवली की बघ, मी मुलगा आहे. त्यावर तो दुसरा म्हणाला, ते काय, सगळ्यांनाच असतं, क्लिपा मात्र फक्त मुलीच लावतात. मला हा किस्सा खूप काही शिकवून गेला. चार वर्षांच्या मुलासाठी शरीरापेक्षा क्लिप हा जास्त पक्का पुरावा असतो, आणि तो पुरावा त्याला आपणच पुरवलेला असतो.

तर तुमची लेक आत्ता या टप्प्यात शिरतेय. पाच-सहाव्या वर्षी हे नियम सगळ्यात कडक असतात, मग सातनंतर हळूहळू सैल पडायला लागतात, बऱ्याच मुलांमध्ये. म्हणजे पुढचं वर्षभर हे वाढेल. ती कदाचित एकच रंग धरून बसेल, दादाच्या वस्तूला हात लावणार नाही, मुलग्यांशी खेळणार नाही. एलिनॉर मॅकोबी आणि कॅरल जॅकलिन यांना १९८७ च्या अभ्यासात दिसलं की साडेचार वर्षांची मुलं आपल्याच गटातल्या सवंगड्यांशी दुसऱ्या गटापेक्षा तिप्पट वेळ खेळतात आणि साडेसहाची होईपर्यंत हेच प्रमाण ११ पट होतं. त्यामुळे वाढलं म्हणून घाबरू नका.

डॉक्टर-नर्सचं म्हणाल तर यावर नेमका एक जुना प्रयोग आहे, १९७९ चा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना छोटी फिल्म दाखवली, त्यात डॉक्टर बाई होती आणि नर्स पुरुष. नंतर विचारलं, कोण काय होतं? बऱ्याच मुलांनी उलटं सांगितलं, पुरुष डॉक्टर होता आणि बाई नर्स. डोळ्यांनी पाहिलेलं बदलून टाकलं! कारण मनात आधी तयार असलेल्या साच्यात ते बसत नव्हतं. म्हणून कित्येक आया, त्यातल्या काही स्वतः डॉक्टर असलेल्या, माझ्याकडे येऊन म्हणतात की अहो मी रोज हॉस्पिटलला जाते आणि मुलगी तरी असं म्हणते, तेव्हा मी त्यांना सांगते की ती तुम्हाला बघत नाही असं नाहीये, ती तुम्हाला अपवाद म्हणून बाजूला ठेवतेय. एका उदाहरणाने नियम मोडत नाही, पुष्कळ उदाहरणं लागतात, वेगवेगळ्या चेहऱ्यांची.

पण पुष्कळ उदाहरणं मिळाली तर मोडतो, हेही खरंय. डेव्हिड चेंबर्स यांनी १९६६ ते १९७७ या काळात ४८०७ मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं होतं. त्यात बाई शास्त्रज्ञ किती? २८. आणि त्या २८ सगळ्या मुलींनी काढलेल्या, एकाही मुलग्याने नाही. पुढच्या काही दशकांतले असे अभ्यास २०१८ मध्ये एकत्र करून बघितले तर साधारण २८ टक्के चित्रांत बाई होती. कोणी मुलांना भाषण दिलं नव्हतं, आजूबाजूला दिसणारं जग थोडं बदललं आणि चित्रं बदलली. माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं असं म्हटलं तरी चालेल, मुलं आपला उपदेश ऐकून घेतात आणि विश्वास मात्र आपल्या वाटणीवर ठेवतात. घरात कोण काय करतं ती वाटणी.

जन्मजात काही नसतंच का, हाही तुमचा प्रश्न आहे आणि त्याला मी टाळणार नाही. असतं. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा एक जन्मजात विकार आहे, कन्जेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेसिया, त्यात मुलीला आईच्या पोटात असतानाच अँड्रोजेन, म्हणजे एरवी पुरुषांत जास्त असणारं हार्मोन, नेहमीपेक्षा जास्त मिळतं. अशा मुली सरासरीने गाड्या, बांधायचे ठोकळे अशा खेळण्यांकडे जास्त वळतात, आईबापांनी मुलींच्या खेळण्यांना जास्त प्रोत्साहन दिलं तरीसुद्धा. म्हणजे सगळं संस्कारांनी होतं असं म्हणणं बरोबर नाही आणि मी ते कधी म्हणत नाही. पण याची दुसरी बाजूही धरा. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मोठ्या एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेतला, तर स्त्री-पुरुषांमधले ७८ टक्के मानसिक फरक एकतर छोटे किंवा जवळजवळ शून्य निघाले. सरासरीत फरक असला तरी तुमचं मूल म्हणजे सरासरी नव्हे. आणि हार्मोन फार तर हलणाऱ्या वस्तूची आवड देईल, डॉक्टर कोण आणि नर्स कोण हे कुठल्याही हार्मोनमध्ये नसतं. रंगाचंच बघा ना. गुलाबी म्हणजे मुलीचा हे आपल्याला निसर्गाचा नियम असल्यासारखं वाटतं, पण १९१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराचं एक मासिक बरोब्बर उलटं सांगत होतं, गुलाबी ठसठशीत म्हणून मुलांना, निळा नाजूक म्हणून मुलींना. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ मधला फोटो आहे, अडीच वर्षांचे, लांब केस आणि अंगात फ्रॉक. त्या काळात तसंच घालत. शंभर-सव्वाशे वर्षांत जी गोष्ट उलटीसुलटी होऊ शकते ती रक्तात असणार कशी?

मग घरातून फरक झाला नाही तर कुठून आलं. थोडं शाळेतून, सवंगड्यांतून, टीव्हीतून, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात मी वेळ घालवत नाही. पण शाळेतली एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये बालवाडीच्या वर्गांत दोन आठवड्यांचा प्रयोग केला. काही वर्गांत बाईंनी एवढंच करायचं होतं की मुलांची आणि मुलींची रांग वेगळी, "मुलांनो आणि मुलींनो" अशी हाक, दोघांच्या चित्रांचे फळे वेगळे. कोणाला कमी-जास्त म्हणायचं नाही, चुरस लावायची नाही. दोन आठवड्यांनी त्या वर्गांतल्या मुलांचे समज जास्त पक्के झाले आणि ती एकमेकांशी कमी खेळायला लागली. नुसत्या वेगळ्या रांगेने! कारण हेर विचार करतो, मोठी माणसं एवढं आवर्जून वेगळं करतायत म्हणजे काहीतरी मोठा फरक असणार, तो आपल्याला शोधायचाय.

घरातही हेच होतं, शब्दांतून. सुझन गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-मुलांच्या गप्पा तपासल्या तेव्हा लक्षात आलं की आया भेदभावाची वाक्यं फारशी बोलत नाहीत, पण मूल असं काही बोललं तर खोडतही नाहीत, आणि बोलताना सहज "मुलगे असं करतात, मुली तसं करतात" अशी सरसकट वाक्यं येतात. हे सरसकट बोलणं मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते प्रेमळ असतं. "मुलगे असतातच दंगेखोर." "मुलींना जीव लावता येतो." आणि एक वाक्य तर मला कानाला अक्षरशः लागतं, "आमची मुलगी म्हणजे मुलगाच आहे हो." कौतुकाने म्हणतात, अभिमानाने म्हणतात, आणि चार वर्षांची ती पोर समोर उभी राहून ऐकते की माझ्यात जे चांगलं आहे ते मुलग्याचं आहे. उलट कोणी कधी म्हणतं का, आमचा मुलगा म्हणजे मुलगीच आहे? म्हटलं तर चिडवायलाच. इतकी वर्षं मी बघतेय, मुलीने गाडी हातात घेतली की सगळे टाळ्या वाजवतात आणि मुलाने बाहुली घेतली की खोलीत एकदम शांतता होते. ती शांतता मुलाला बरोबर ऐकू येते. (आणि हो, बाहुलीशी खेळणं किंवा ताईचा फ्रॉक घालून बघणं हा आजार नाही, त्यासाठी मुलाला घेऊन धावत येऊ नका, खेळू दे.)

या सगळ्यात हुशारीचं एक वेगळं प्रकरण आहे आणि ते मुलींच्या आईबाबांनी नीट समजून घ्यावं. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की पाच वर्षांच्या मुलींना विचारलं "खूप खूप हुशार कोण" तर त्या मुलग्यांइतक्याच वेळा आपल्या गटातल्या व्यक्तीकडे बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र कमी वेळा. आणि "हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे" असं सांगितलं की त्याच वयाच्या मुली त्यातून मागे सरायला लागतात. गंमत म्हणजे शाळेत चांगले मार्क कोणाला मिळतात विचारलं तर मुलींचंच नाव घेतात. म्हणजे मेहनती म्हणजे मुलगी, हुशार म्हणजे मुलगा, ही फाळणी सहाव्या वर्षी होते. तुमची लेक साडेचारची आहे, दीड वर्ष हातात आहे. तिचं कौतुक करताना तुमचे शब्द कुठले येतात ते टिपून ठेवा, गोड, शहाणी, नीटनेटकी एवढेच येतात की "काय डोकं चालवलंस!" हेही येतं.

आता जिथे खरंच काहीतरी करता येतं तिकडे येते, कामं. युनिसेफच्या २०१६ च्या अहवालात आहे, जगभरात ५ ते १४ वयाच्या मुली घरकामात मुलग्यांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घालवतात. म्हणजे पाचव्या वर्षापासून तालीम सुरू. आणि तालमीने माणूस बदलतो, याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा केनियातला आहे. कॅरल एम्बर या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये लुओ समाजातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे घरातली कामं, धाकट्या भावंडांना सांभाळणं हे मुलींचं मानलं जायचं, पण ज्या घरात त्या वयाची मुलगीच नव्हती तिथे ते मुलग्यावर यायचं. निव्वळ गरज म्हणून, कोणी समतेचा विचार करून नाही. एम्बर यांनी ही मुलं काम करत नसताना, खेळताना, गप्पा मारताना कशी वागतात ते पाहिलं. घरातली कामं जास्त करणारे मुलगे कमी भांडखोर आणि दुसऱ्याची जास्त दखल घेणारे निघाले. लहान बाळाला रोज सांभाळलं की रडण्याचा अर्थ लावायला शिकावंच लागतं, थांबावं लागतं, हळू हात लावावा लागतो. मुलींमध्ये उपजत मायाळूपणा असतो असं आपण म्हणतो ना, त्यातला मोठा हिस्सा हा सराव आहे, आणि मुलग्याला तो सराव आपण देतच नाही.

आणि मुलीच्या बाजूने, २०१४ मध्ये अलिसा क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी ७ ते १३ वयाची ३२६ मुलं आणि त्यांचे आईबाप पाहिले. वडील समतेबद्दल काय बोलतात हे एकीकडे, आणि प्रत्यक्ष घरात काय काम करतात हे दुसरीकडे. वडील घरकामात जास्त वाटा उचलत होते तिथल्या मुलींची स्वप्नं चाकोरीबाहेरची जास्त होती. आता तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, तुम्ही सहज लिहून गेलाय, "माझा नवरा मला खूप मदत करतो." मदत. हेर या शब्दापाशी थांबतो बरं का. मदत करतो म्हणजे काम कोणाचं आहे ते ठरलं. मी हे तुम्हाला खजील करायला लिहीत नाहीये, मीसुद्धा कित्येक वर्षं हाच शब्द वापरायचे.

तर करायचं काय. कामं मुलांनुसार वाटू नका, वारानुसार वाटा, म्हणजे सोमवारी भांडी ज्याची पाळी त्याची, मंगळवारी केर दुसऱ्याचा, आणि या चक्रात तुम्ही दोघंही असा, नाहीतर दोन दिवसांत लक्षात येतं की हे फक्त मुलांसाठी आहे. बाबांनी फक्त बाहेरची कामं आणि दुरुस्ती करायची आणि आईने आतली, हे मोडा, स्क्रू ड्रायव्हर तुमच्या हातात दिसू दे आणि बाबा आजारी मुलाच्या उशाशी बसलेले दिसू देत. बोलताना "मुलगे", "मुली" असं अनेकवचन आलं की थांबून एकवचन करा, "दादाला उड्या मारायला आवडतात", बस.

लेक परत म्हणाली डॉक्टर मुलगेच होतात, तर "नाही, असं नसतं" म्हणून वाद घालू नका, वादात तिचं मत पक्कं होईल. विचारा, "तुला कुठले कुठले डॉक्टर माहितीयेत, सांग बघू." मोजू दे तिला. यादीत बाई आली तर तिथे थांबा, तिचं नाव घ्या, ती काय करते ते बोला, आणि पुरुष नर्सबद्दलही बोला, आणि नर्सचं काम हलकं आहे असा सूर चुकूनसुद्धा येऊ देऊ नका, तिला नर्स व्हायचं असेल तर ते छानच आहे, प्रश्न फक्त दुसरं दार बंद आहे असं तिला वाटतं हा आहे.

शाळेतली मुलं चिडवतात त्यासाठी नुसतं "लक्ष देऊ नको" पुरत नाही. २००९ मध्ये लँब, बिगलर, लिबेन आणि ग्रीन यांनी शाळेतल्या मुलांना भेदभावाच्या बोलण्याला द्यायची उत्तरं शिकवली, आणि ज्यांच्याकडून प्रत्यक्ष सराव करून घेतला त्यांना नुसती गोष्ट ऐकलेल्यांपेक्षा जास्त उपयोग झाला. तर घरात नाटक करा. बाबा चिडवणार, "ए, हे मुलींचं आहे!" आणि मुलाने म्हणायचं, "खेळणं मुलाचंही नसतं, मुलीचंही नसतं, जो खेळतो त्याचं." पाच-दहा वेळा हसत-खेळत. वाक्य जिभेवर बसलेलं असलं की ऐनवेळी आठवतं.

आजीचं तुम्ही लिहिलंय, "मुलगा आहेस ना, रडतोस काय." मुलासमोर आजीशी भांडू नका, त्यांनी ज्या मायेने त्याला वाढवलंय ती खोटी नाही. तिथल्या तिथे, शांतपणे मुलाकडे बघून एवढंच म्हणा, "लागलंय त्याला, रडू दे." आजीला ऐकू जाईल. आणि आजीला एकटं गाठून सांगा की तो आता रडायला बाथरूममध्ये जातो. मी पाहिलंय, असं सांगितलं की बहुतेक आज्या गप्प होतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य बंद होतं, कारण कोणत्याच आजीला नातू कडी लावून रडावा असं वाटत नाही.

आता तो मुलगा. लोकांना वाटतं मुलगे मुळातच कमी रडतात. १९९९ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांसमोर आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा होता, तेव्हा मुलग्यांनीच जास्त कुरकुर केली, जास्त अस्वस्थ झाले. म्हणजे सहा महिन्यांचा असताना त्याला मुलींइतकीच, किंबहुना थोडी जास्तच आपली गरज होती. मग मध्ये काय होतं? रॉबिन फायवुश यांनी आईबाप आणि लहान मुलांच्या गप्पांचा अभ्यास केलाय, त्यात दिसतं की झालेल्या गोष्टींबद्दल बोलताना मुलींशी दुःखाबद्दल जास्त बोललं जातं. मुलाला वाईट वाटतं, पण त्या वाईट वाटण्याला आपण शब्दच दिलेले नसतात. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६५ च्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुल्याला मारताना पाहून मुलग्यांनी ते जास्त करून दाखवलं, मुलींनी कमी. पण "जे पाहिलं ते करून दाखवशील तर बक्षीस" म्हटल्यावर मुलींनीही जवळजवळ तेवढंच करून दाखवलं. शिकले दोघंही होते, दाखवायची मुभा एकालाच वाटत होती. तुमच्या मुलाचं तसंच आहे फक्त उलट्या बाजूने, रडणं, सांगणं, जवळ येणं हे सगळं तो तुम्हाला आणि बहिणीला बघून शिकलेला आहे, ते त्याला येतं. दाखवायची मुभा आपल्याला नाही असं त्याने ठरवलंय. आणि ही मुभा त्याला सगळ्यात जास्त विश्वासाने बाबाच देऊ शकतील, कारण तो पुरावा बाबांमध्ये शोधतोय. बाबांनी रडूनच दाखवायला पाहिजे असं नाही. रात्री झोपताना "आज ऑफिसात मला फार वाईट वाटलं, एकाने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं" एवढं त्याला सांगू देत, त्यावर उपाय नको, शिकवण नको.

आणि पुढच्या वेळी त्याने कडी लावली की दार वाजवू नका, "काय झालं, उघड" नको, ते त्याला पकडल्यासारखं वाटेल. दाराबाहेर जमिनीवर बसा, शक्यतो बाबा. म्हणा, "मी इथे बसलोय, घाई नाही." मग काही बोलू नका. पहिल्या दोन-तीन वेळा तो नेहमीसारखा तोंड धुऊन बाहेर येईल आणि तुमच्याकडे न बघता निघून जाईल, जाऊ द्या, मागे जाऊ नका. एका बाबांनी मला सांगितलं होतं, ते असेच सहा वेळा बसले, सातव्या वेळी पाण्याचा आवाज आला नाही, कडी निघाली आणि मुलगा तसाच ओल्या तोंडाने येऊन त्यांच्या शेजारी बसला. काही बोलला नाही. तेही बोलले नाहीत.